उमेदवारांच्या रांगेत



नोकरीच्या रांगेत आपला मुलगा चारचौघांत उठून कसा दिसेल, हे आम्ही सांगावे अशी चालकांची इच्छा आहे. कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाकडे अर्जाचा नमुना कोणी मागू नये. पण कारखान्यांच्या फाटकांशी आमची हयात गेली, तिथले सांगतो.

तलासरीची पोरे पहाटे उंबरगाव-वापीची वाट धरतात. फाटकाशी कंत्राटदार विचारतो, "किती घेणार?" सर्वांत कमी सांगेल तो आत. उठून दिसण्याची ही सर्वांत जुनी रीत, आणि सर्वांत महाग. कारण उद्या त्याच्याहून कमी सांगणारा येतोच. भूक कोणाकडे कमी आहे?

याच डहाणू-तलासरीत ही गाठ एकदा सुटली होती. १९४५ च्या मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने त्यांना उभे केले, आणि वेठीला नकार मिळाला. पावसाळा सरताना गवतकापणी आली. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्याखाली कोणी विळा धरायचा नाही, असे ठरले. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे पडले. एकजूट मात्र फुटली नाही.

यातली मेख पाहा. दर सर्वांचा एक झाला की मालकाला निवडायला उरते काय? हात! कोणाचा विळा चपळ, कोणाचा भारा घट्ट. मजुरीचा लिलाव थांबल्याशिवाय माणूस कामाने उठून दिसत नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला खरा; पण फाटकाशी त्याचे नाव काढणारा अजून एकटा पडतो.

मध्यंतरी आमच्या ओळखीचा एक आय.टी.आय. झालेला फिटर मुलाखतीस गेला. बाकीचे "सगळे येते" म्हणत होते. हा म्हणाला, "लेथवर हात अजून बसलेला नाही. पण कानशीने चौकोन काढून दाखवतो." लोखंडाचा तुकडा मागून घेतला, काम केले. साहेबांनी गुण्या लावून उजेडाकडे धरला. फटीतून उजेड आला नाही. "उद्यापासून ये," म्हणाले. तेव्हा पोराने विचारले, "पगार किती? फंड कापणार ना? नेमणुकीचा कागद केव्हा?" दाराशी बसलेला दुसरा उमेदवार गप्प राहण्याची खूण करीत होता. पुढे त्याची पाळी आली, तेव्हा त्यानेही तेच तीन प्रश्न विचारले.