व्हायोलिन आणि वर्गाची खोली : पं. वि. गो. जोग

(अकोला येथे संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



स्पर्धा परीक्षा आणि शिष्यवृत्त्या सोडून आज व्हायोलिनवादकाचा विषय कशाला, असे काही पालकांच्या मनात आले असेल. पण बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे आपण विसरतो. त्यांचे व्हायोलिन पुण्याला सिंबायोसिसच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. सहलीला गेलेली आपली मुले त्यापुढे हात जोडतात आणि पुढे सरकतात. हे वाजते कसे, असे विचारणारा क्वचितच भेटतो. म्हणून आधी तेच सांगतो.

हे वाद्य मूळचे इटलीकडचे, सोळाव्या शतकात आजच्या रूपाला आलेले. युरोपियनांबरोबर ते इकडे आले आणि आधी दक्षिणेच्या संगीताने त्याला आपले म्हटले. तिकडचा वादक ते हनुवटीखाली धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो, म्हणजे डावा हात मींड घ्यायला मोकळा राहतो. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. व्हायोलिनला यातले काहीच नाही. बोट सुताइतके सरकले की सूर गेला. त्यामुळे हे वाद्य पुस्तक वाचून येत नाही. समोर बसून 'चढला', 'उतरला' असे सांगणारा माणूस लागतो, आणि तोही एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षे.

विष्णु गोविंद जोग यांना असा माणूस मिळाला. त्यांचा जन्म १९२२ साली सातारा जिल्ह्यातल्या वाईला झाला. सुरुवातीचे धडे इकडेच झाले. पुढे ते लखनौला श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्या हाताखाली आले. येथे जरा थांबले पाहिजे. पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघाले. त्याआधी गाणे-वाजवणे बहुधा घराण्यात राहात असे. उस्तादाच्या घरी पाणी भरावे, त्याची मर्जी सांभाळावी, तेव्हा कुठे एखादी चीज मिळे. बरेचदा खास चीजा मुलालाच किंवा जावयालाच मिळत. भातखंड्यांनी त्या चीजा जमवून, स्वरलिपी करून छापल्या. कॉलेजात वर्ग, हजेरी, अभ्यासक्रम आणि परीक्षा आली. त्यांच्या रागवर्गीकरणावर विद्वानांचे आक्षेप आहेत, ते असोत; आम्हाला महत्त्व वाटते ते वर्गाच्या खोलीचे.

जोगांनी याच महाविद्यालयात पुढे व्हायोलिन शिकवले. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडूनही त्यांना तालीम मिळाली. नंतर आकाशवाणीच्या सेवेत ते कलकत्त्याला स्थायिक झाले. बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंदीच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. जोगांचे वादन खेळकर, लयीशी झुंजणारे होते आणि सनईच्या फुंकीला गजाने उत्तर देणे त्यांनाच साधे. १९८० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९८३ साली पद्मभूषण त्यांना मिळाले. शिशिरकणा धर चौधुरी यांच्यासारखी नामवंत वादिका त्यांच्याकडे शिकली. ३१ जानेवारी २००४ रोजी कलकत्त्याला त्यांचे निधन झाले. आयुष्यभर मैफल आणि शिकवणे त्यांनी एकत्र सांभाळले. त्याला महाविद्यालयाच्या आणि रेडिओच्या पगाराचा आधार होता, हे आमच्यासारख्या महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येते.

आता एक दुसरे नाव घेतो. वामनदादा कर्डक. त्यांचाही जन्म १९२२ सालचा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, आणि निधनही २००४ सालचेच. दोघांनी एकच काळ पाहिला. एकाला वाईहून लखनौच्या वर्गापर्यंत वाट सापडली. दुसऱ्याला अक्षरओळखसुद्धा तरुणपणी, मुंबईत मजुरी करता करता मिळवावी लागली. तरी त्यांनी रचलेली गाणी वऱ्हाडातल्या खेड्याखेड्यांत पोहोचली. बुद्धीचा आणि कानाचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. वर्ग मात्र नव्हता. मॅरिस कॉलेजचे दार कागदोपत्री उघडे असले, तरी गावकुसाबाहेर त्या प्रवेशाची बातमी कोण सांगणार होते, आणि परमुलखात राहण्या-जेवण्याचा खर्च कोण देणार होते?

गावकीची कामे टाकताना आपल्या वडीलधाऱ्यांनी ठिकठिकाणी दुसऱ्याच्या लग्नातले वाजवणेही टाकले. ते योग्यच केले. ते वाजवणे मानाचे नव्हते. पण त्या हातांत नवे वाद्य शिकून देण्याचे काम मागे राहिले. आपल्या गायन पार्ट्यांतली मुले ढोलक आणि पेटी ऐकून ऐकून उचलतात, सुंदर वाजवतात. मात्र 'हा कोणता राग?' असे विचारले की गप्प होतात, आणि रेडिओच्या ऑडिशनचा फॉर्म भरायला कचरतात. याला आम्ही मुलांचा दोष मानत नाही.

जयंतीला डीजेसाठी वर्गणी पटकन जमते. वर्षभर शिक्षकाला मानधन द्यायचे म्हटले की आपण हिशेब काढतो. बँकेत रोज आकडे पाहणारी माणसे म्हणून सांगतो, एका रात्रीच्या त्या खर्चात शिकण्यापुरती चार-सहा साधी व्हायोलिने येतील. पण वाद्ये आधी घेऊ नयेत. ती कपाटात पडून राहतात, तारा गंजतात, गजाचे केस झडतात. आधी शिक्षक ठरवावा, कोणत्याही जातीचा, पण शिकवणारा, आणि त्याला दरमहा वेळेवर पैसे द्यावेत. फुकट शिकवणारा तिसऱ्या महिन्यात येईनासा होतो.

विद्यार्थ्यांनो, पहिले काही महिने गज सरळ ओढणे आणि 'सा' लावणे एवढेच चालेल. घरचे कंटाळतील, शेजारी हसतील. मुलींनीही नावे द्यावीत. रविवारी सकाळी वंदनेनंतर विहाराची मागची खोली रिकामी असते. तिची किल्ली चिटणीसांकडे आहे आणि नावे लिहायची वही आम्ही आज सोबत आणली आहे.

जयभीम.