फराळ चार घरांचा, दिवाळी सगळ्यांची

(कोजागरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा आवरून.)



दूध आटायला अजून अर्धा तास आहे, तेवढ्या वेळात दिवाळीच्या तयारीवर काहीतरी बोला, असं मला सांगितलं. मी काही वक्ता नाही. या इमारतीत २५ वर्षं फराळ करते आहे, एवढीच माझी पात्रता. त्यामुळे भाषण कमी आणि हिशेब जास्त, असंच होणार.

आज कोजागरी. आजपासून वसुबारस साधारण बारा दिवसांवर आणि लक्ष्मीपूजन पंधरा दिवसांवर. एखादी तिथी इकडची तिकडे झाली तर एक दिवस मागेपुढे. हे बारा दिवस हाताशी आहेत म्हणूनच आज बोलायचं. धनत्रयोदशीला बोलून काय उपयोग? तेव्हा पिशवी घेऊन दुकानाच्या रांगेत उभं राहण्याखेरीज काही उरत नाही.

हल्ली जिन्यात एक वाक्य फार ऐकू येतं. "यंदा आम्ही काही करत नाही बाई, थोडं विकतच आणतो." यात वाईट काही नाही. नोकरी करून, लोकलचे धक्के खाऊन आल्यावर रात्री दहा वाजता सोऱ्या कोण हातात घेणार? पण या वाक्यामागे तीन कारणं असतात. पहिलं, वेळ नाही. दुसरं, एकटीनं होत नाही. ही दोन्ही आपण मोकळेपणानं सांगतो. तिसरं कोणी सांगत नाही. ते म्हणजे, यंदा परवडत नाही.

सगळ्या घरांचं वर्ष सारखं जात नाही. कुणाची नोकरी सुटलेली असते, कुणाकडे वर्षभर औषधपाणी चाललेलं असतं, कुणाचं घर पेन्शनवर असतं. अशा घरी फराळाचं ताट गेलं की आनंदाआधी प्रश्न उभा राहतो, आता उलट काय द्यायचं? कारण आपल्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत. त्यात हल्ली ताटाची जागा सुक्या मेव्याच्या खोक्यानं घेतली. खोक्याला खोकंच द्यावं लागतं. मग काही दारं दिवाळीत जरा जास्तच बंद राहतात. "आम्ही गावाला जातोय" असं सांगितलं जातं. सणाच्या चार दिवसांत शेजाऱ्याला दार बंद करून बसावं लागावं, हे मला खुपतं. त्यावर मला सुचलेला उपाय साधा आहे. दिवाळी स्वस्त करायची तर पदार्थ कमी करू नका, काम वाटून घ्या.

आपल्यातल्या ज्या बायका चाळीत वाढल्या त्यांना आठवत असेल, करंज्या कधी एकटीनं करत नसत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. एक लाटतेय, एक सारण भरतेय, एक कातणं फिरवतेय आणि घरची बाई कढईपाशी. शंभर करंज्या गप्पांत होऊन जायच्या. आपण ब्लॉकमध्ये राहायला आलो, दारं बंद झाली आणि करंजीचं काम एकदम अवघड झालं. करंजी होती तशीच आहे, फक्त लाटणारे हात कमी झाले.

म्हणून माझी सूचना अशी. एका मजल्यावरची किंवा एकमेकींशी पटणारी चार घरं एकत्र या. चार पदार्थ ठरवा : चिवडा, चकली, शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू. एका घरानं एकच पदार्थ करायचा, पण चौघांपुरता. म्हणजे चार दिवस चार वेळा ओटा मांडण्याऐवजी एक दिवस. सामान एकत्र आणलं की वाण्याकडे भावही बरा मिळतो. खर्च शेवटी चार घरांत समान वाटायचा आणि ज्या घराला यंदा पैसे देणं जड आहे, त्यानं हात द्यायचे. दोन तास चकल्या पाडणं ही काही फुकटची मदत नव्हे. हिशेबात ती धरायची आणि त्यावर चर्चा करायची नाही.

आता कोणी म्हणेल, आमच्या घरच्या चकलीची चव वेगळी. अगदी बरोबर. ज्या पदार्थासाठी तुमचं घर ओळखलं जातं तोच तुम्ही करा. आपल्या इमारतीत मठिया करणारी घरं आहेत, मुरुक्कू करणारी आहेत, त्यांनी ते करावं. कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाला साखर, तेही आधीच विचारून घ्यावं.

मजल्यावर मुलं परदेशी असलेली वयस्कर जोडपी आहेत. आपण त्यांना फराळ नेऊन देतो, चांगलंच करतो. पण यंदा फराळ नेऊन देण्याआधी त्यांना बोलवा. त्यांना आता कढईपुढे उभं राहवत नसेल, पण भाजणी किती भाजायची हे वासावरून सांगणारं माणूस तुमच्याकडे आहे का? त्यांच्याकडे ते आहे. त्यांना खुर्ची द्या, मोठं करंजीचं सारण त्यांच्यापुढे ठेवा. आणि दादामंडळींनो, गिरणीच्या खेपा, डबे धुणं, नारळ फोडणं एवढ्यावर तुमची सुटका नाही. सोऱ्या दाबायला जोर लागतो, तो तुमच्याकडे आहे.

आता बारा दिवसांचा क्रम सांगते. लिहून घेतलंत तर बरं.

ज्यांना अनारसे करायचे आहेत त्यांनी आज रात्रीच तांदूळ भिजत घाला. जुना तांदूळ, तीन दिवस, रोज पाणी बदलून. चौथ्या दिवशी उपसून फडक्यावर पसरायचा आणि ओलसर असतानाच दळून चाळायचा. पिठाच्या वजनाइतका किसलेला गूळ, चमचाभर तूप, मळून घट्ट डब्यात ठेवून द्यायचं. ते मुरायला पाचसहा दिवस तरी हवेत. खसखशीवर थापायचे, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात तळायचे, उलटायचे नाहीत. अनारसा हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला, तर पिठात थोडं तांदळाचं पीठ मिसळा. कडक झाला तर थोडं पिकलेलं केळं कुस्करून घाला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चकलीची भाजणी. प्रमाण सोपं आहे : चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी पोहे, वर मूठभर धणे आणि दोन चमचे जिरे. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत वाळवायच्या आणि प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद भाजायचा. गिरणीवाल्याला सांगा, गव्हावर दळू नको, तांदळावर नाहीतर हरभरा डाळीवर दळ. शेवटच्या आठवड्यात गिरणीत रांग लागते, तेव्हा आधीच उरका. पीठ भिजवताना वाटीला वाटी उकळतं पाणी आणि वाटीमागे चमचा-दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. तळताना चकली विरघळायला लागली तर मोहन जास्त झालं, दाताला कडक लागली तर कमी पडलं, पाडताना तुटायला लागली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

सहाव्या-सातव्या दिवशी शंकरपाळी, कारण ती सर्वात जास्त टिकते. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप एकत्र गरम करायचं, साखर विरघळली की गार करायचं आणि त्यात मावेल तेवढा मैदा, साधारण पाच वाट्या. आठव्या-नवव्या दिवशी चकली आणि लाडू. अर्धा किलो बेसनाला पाव किलो तूप आणि चारशे ग्रॅम पिठीसाखर. भाजायला अर्धा-पाऊण तास लागतो, तिथे घाई करू नका, आणि साखर बेसन गार झाल्यावरच घाला.

दहाव्या दिवशी चिवडा. एका घराला अर्धा किलो पातळ पोहे पुरतात. पोह्यांना कडक ऊन द्या किंवा मंद आचेवर कुरकुरीत करा. मिरच्या आणि कढीपत्ता फोडणीत पूर्ण कडक झाले पाहिजेत. त्यात ओल राहिली की चिवडा दोन दिवसांत मऊ पडतो. अकराव्या दिवशी सगळ्यांनी मिळून करंज्या, सुक्या खोबऱ्याच्या सारणाच्या. ओल्या नारळाच्या करायच्या तर आयत्या वेळी आणि थोड्या.

तेल वाचवायची एक युक्ती. चार घरांचं तळण एका दिवशी आलं तर आधी गोड तळा, मग तिखट. चकलीतले तिळाचे आणि मसाल्याचे कण तळाशी बसून जळतात आणि तेल काळं पडतं. त्यात नंतर शंकरपाळी घालू नये. काळं पडलेलं, फेस येणारं तेल पुन्हा वापरूही नये. फराळावर वाचवलेले पैसे मग डॉक्टरकडे जातात.

आता भेटी. माझी विनंती आहे की यंदा घराघरांत खोक्यांची देवाणघेवाण बंद करू या. तसंही एकाकडून आलेलं खोकं दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे आणि भाऊबीजेला पुन्हा आपल्याच दारात येतं. द्यायचंच तर कमी पैशांत चांगलं देता येतं. घरचं उटणं घ्या : मसुराचं पीठ, संत्र्याची वाळलेली साल, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या. काष्ठौषधींच्या दुकानात सगळं सुटं मिळतं, एकत्र कुटून वस्त्रगाळ करा, कागदी पुड्या बांधा. एका दुपारी सगळ्या मजल्याच्या पुड्या होतात. पणत्या थेट कुंभारवाड्यातून एकदम आणा आणि मुलांना रंगवायला द्या. वापरण्याआधी तासभर पाण्यात ठेवा, म्हणजे त्या तेल पीत नाहीत.

दुसरी भेट दिवाळी अंकाची. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही आपली परंपरा चालत आली आहे. बारा घरांनी बारा वेगवेगळे अंक घ्यायचे आणि दर आठवड्याला बदलायचे. एका अंकाच्या पैशांत बारा अंक वाचून होतात आणि बारा घरांची दारं दर आठवड्याला उघडतात. मुलांना भेट म्हणून कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ द्या, आकाशकंदील ती करतील. किल्ल्याची माती तर फुकटच आहे.

शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. आपल्याकडे स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई, जिना झाडणारे दादा, रात्रभर गेटवर बसणारे वॉचमन, यांची दिवाळी. कारखान्यात कायद्यानं वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के बोनस ठरवून दिला, म्हणजे बारावा हिस्सा, म्हणजेच एक पगार. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला तो कायदा लागू नाही. पण एक पगार दिवाळीचा द्यायचा ही रीत कायद्याची वाट न पाहता पुष्कळ घरांनी पाळली आहे. माझं म्हणणं रकमेपेक्षा दिवसाबद्दल आहे. आपण पैसे कधी देतो? लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, कधी भाऊबीजेनंतर. तिनं रवा, मैदा, मुलांचे कपडे कधी आणायचे? तिलाही चकल्या करायच्या आहेत, तिच्याही घरी पोरं वाट बघतायत. उशिरा दिलेल्या पैशांत तिची दिवाळी उसनवारीवर होते. म्हणून वसुबारसेच्या आठ दिवस आधी द्या. फराळही द्याल तर पहिल्या घाण्यातला द्या, डब्याच्या तळाचा चुरा नको. पैशांऐवजी जुनी साडी तर नकोच. खोक्यांवरचे पैसे वाचतील, ते इथे वळवले तर आपल्या खिशाला नवीन भार पडणार नाही.

गच्चीच्या दाराशी टेबलावर मी एक वही ठेवली आहे. चार-चार घरांची नावं आणि प्रत्येक घराचा पदार्थ त्यात लिहायचा आहे. कुणाला पदार्थ येत नसेल तर नुसतं 'हात' असं लिहा, चालेल. या २५ वर्षांत आपण लिफ्ट बसवली, रंग काढला, गळती थांबवली. ती कामं सगळ्यांनी वर्गणी काढून केली, म्हणून झाली. चार घरांचा फराळ तर त्या मानानं फारच सोपं काम आहे.