घड्याळ मागे पडते तेव्हा

आमच्या कन्नडहून औट्रम घाट उतरला की चाळीसगावचा मुलूख लागतो. तिथल्या पाटण गावी एक जुना शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ स्थापन केला, अशी त्यात नोंद आहे. त्या काळी वेळ मोजत ती घटिकापात्राने. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची; ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे आपली २४ मिनिटे झाली. लीलावतीच्या लग्नाची दंतकथा तुम्हांला ठाऊक असेलच. मोती पात्रात पडला, छिद्र बुजले, आणि मुहूर्त टळून गेला तरी कोणाला पत्ता लागला नाही. कथा खरी की खोटी, ते राहू द्या. पण तिच्यात एक शहाणपण आहे. घड्याळ चुकले, हे त्याच घड्याळाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी दुसरे घड्याळ लागते.

हे आठवण्याचे कारण सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी एका कारखान्यात रात्रपाळीला यंत्र सांभाळतो. एका रात्री यंत्र थंड ठेवणारा पंप बंद पडला, यंत्र तापले, माल वाया गेला. पंपाच्या पॅनेलमधली नोंद सांगत होती, पंप २ वाजून १७ मिनिटांनी थांबला. संगणकातली नोंद सांगत होती, या मुलाने यंत्र बंद केले ते २ वाजून २१ मिनिटे ५ सेकंदांनी. मधली चार मिनिटे हा काय करीत होता? झोपला असणार! त्याला नोटीस मिळाली. तो म्हणे, "सर, घंटा वाजली तशी मी कळ दाबली." पण नोंदीपुढे माणसाचे कोण ऐकतो?

मी गणिताचा मास्तर, यंत्रज्ञ नव्हे. पण मी त्याला एकच विचारले, "बाबा, ही दोन्ही घड्याळे एकच वेळ दाखवतात का?" ते कोणीच पाहिले नव्हते. मी त्याला सांगितले, "साहेबांना विनंती कर. पॅनेलचे घड्याळ कोणी दुरुस्त करू नका. आधी त्याची चूक लिहून घ्या." ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. चुकलेले घड्याळ घाईने बरोबर लावले की पुरावाच पुसला जातो.

पाहणी झाली. संगणक प्रमाणवेळेबरोबर चालत होता. पॅनेल ४ मिनिटे ३० सेकंद मागे होते. दहा दिवसांनी पुन्हा पाहिले, तेव्हा ते ४ मिनिटे ५० सेकंद मागे. म्हणजे दहा दिवसांत २० सेकंद, दिवसाला २. पहिली पाहणी घटनेनंतर पंधरा दिवसांनी झाली होती. पंधरा दुणे तीस सेकंद वजा करा. घटनेच्या रात्री पॅनेल बरोबर ४ मिनिटे मागे होते. पंप खरा थांबला २ वाजून २१ मिनिटांनी, आणि पोराने कळ दाबली पुढच्या पाच सेकंदांत! नोटीस मागे घेतली गेली. त्रैराशिकाने एका घरची भाकरी वाचवली, असे मी वर्गात सांगतो.

आता घड्याळ मागेपुढे का होते, ते पाहू. अशा घड्याळाच्या पोटात बहुधा क्वार्ट्‌झचा एक लहानसा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की १ उरतो. तोच आपला सेकंद. हा स्फटिक साधारण २५ अंश उष्णतेला नीट चालतो. त्याहून फार तापला तर मंदावतो, आणि फार गारठला तरी मंदावतो. लोखंडी पेटीत ४५ अंश उष्णता झाली, तर नुसत्या उष्म्याने दिवसाला सेकंदाहून थोडे अधिक नुकसान होते. शिवाय प्रत्येक स्फटिकाची स्वतःची थोडी चूक असतेच.

काही घड्याळे विजेच्या लहरी मोजून चालतात. आपली वीज सेकंदाला ५० लहरींची. ती दिवसभर ४९.९ राहिली, तर असे घड्याळ जवळजवळ तीन मिनिटे मागे पडते.

तेव्हा चुकीची तऱ्हा पाहून रोग ओळखावा. रोज सारखेच मागे पडते, तर दोष स्फटिकाचा. उन्हाळ्यात वाढते, तर उष्म्याचा. वीज गेल्यावरच वेळ बिघडते किंवा तारीख एकदम १९७० सालात जाते, तर आतला बटणासारखा सेल संपला. चूक नेमकी साडेपाच तासांची आहे, तर घड्याळ चांगले आहे. कोणीतरी भारताची वेळ न लावता जागतिक वेळच ठेवली आहे.

उपाय काय? मोठ्या कारखान्यांत सगळी यंत्रे जाळ्याने जोडून एकाच मुख्य घड्याळाला बांधतात. आपल्या देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. हे नसले तर काय होते, ते अमेरिकेने पाहिले. १४ ऑगस्ट २००३ रोजी तिथे आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. आधी काय बिघडले नि मागून काय, हे ठरवताना तपास करणारे मेटाकुटीला आले. कारण पुष्कळ यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळतच नव्हती.

शेतकरी बंधूंनो, हे सारे कारखान्याचेच आहे असे समजू नका. ठिबकाच्या टायमरमध्येही घड्याळच असते. त्याचा सेल संपला की मोटार भलत्या वेळी सुरू होते, आणि आपण दोष देतो गड्याला. महिन्यातून एकदा टायमरची वेळ प्रमाणवेळेशी ताडून पाहा, फरक वहीत लिहा, आणि मगच ती बरोबर लावा.

शिक्षकांनी शाळेत एवढे करावे. मुलांना घरचे एकेक घड्याळ नेमून द्यावे. दहा दिवस, रोज एकाच वेळी, त्याचा प्रमाणवेळेशी फरक लिहायला लावावा. ताडताना मोबाइलच्या ॲपवरचा रेडिओ घेऊ नये. तिथे आवाज काही सेकंद उशिराने पोचतो. मग मुलांना विचारावे, "तुझे घड्याळ महिन्याने किती चुकेल?" आणि महिन्याने उत्तर पडताळून पाहावे. मुले त्रैराशिक शिकतील. त्याहून मोठी गोष्ट शिकतील ती ही, की माणसाला खोटे ठरवण्याआधी नोंद करणारे घड्याळही एकदा तपासावे.