भिंतीवरचे ‘घर’

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव-निपाणीचा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. आज कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कानडी असावे, असा २०२४ चा कायदा आहे. घरातील भिंत मात्र ज्याची त्याचीच आहे. आणि कानडी वा इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाची मराठी अक्षराशी भेट बहुधा तेथेच व्हावयाची.

या भेटीस फारसा खर्च नाही. साडीच्या वा चपलांच्या खोक्याचे पुठ्ठे घ्यावेत, कणकेच्या खळीने तीन थर चिकटवावेत आणि वजनाखाली सावलीत सुकवावेत. आरंभी ‘घर’ हाच शब्द निवडावा. त्यावर मात्रा नाही, अनुस्वार नाही. शिरोरेघ अखंड ठेवली म्हणजे सारा शब्द एका तुकड्यात निघतो आणि दोन खिळ्यांवर तोलून राहतो. मात्र ‘घ’ची रेघ डावीकडे तोकडी पडली, तर ‘घर’चे ‘धर’ होते! ‘घ’च्या पोटातील जागा कात्रीने नव्हे, पात्याने कापावी. वर जुन्या शहापुरी लुगड्याचा काठ चिकटवला, की रंगाचा पैसा वाचतो. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते. म्हणून शब्द आतल्या भिंतीवर लावावा.

शेजारी कानडी ‘मने’ही शोभेल, अर्थ तोच. त्या लिपीला सलग शिरोरेघ नसल्याने ती अक्षरे पट्टीवर बसवावी लागतात, इतकेच. दोन्ही शब्द मुलाने स्वतः आखावेत. पाते तेवढे मोठ्यांनी धरावे.