व्हॅलेंटाइन, पाखरं आणि एका वर्षाची मुदत



फेब्रुवारी उजाडला की आमच्या चर्चच्या तरुण संघातली मुलं वेस्ट्रीच्या दारात येऊन उभी राहतात. वेस्ट्री म्हणजे चर्चला लागून असलेली छोटी खोली. पाळक तिथे झगा चढवतो आणि लग्नाची नोंदवहीही तिथल्याच कपाटात असते. मुलांची मागणी ठरलेली असते, "पास्टर, या रविवारी संत व्हॅलेंटाइनची गोष्ट सांगा ना." बरीच वर्षं मी ती सांगत आलो. रोमचा सम्राट दुसरा क्लॉडियस याला सैन्यासाठी सडे जवान हवे होते, म्हणून त्यानं लग्नांवर बंदी घातली. व्हॅलेंटाइन नावाचा धर्मगुरू चोरून लग्नं लावत राहिला, पकडला गेला, १४ फेब्रुवारीला त्याचं शिर उडवलं. मरणापूर्वी त्यानं तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलीला चिठ्ठी लिहिली, खाली सही 'तुझा व्हॅलेंटाइन'. सगळी सभा गप्प व्हायची. लग्नं लावणं हे माझंही काम, त्यामुळे सांगताना माझाही गळा दाटून यायचा.

ज्या गोष्टीनं गळा दाटतो ती तपासायला मन लवकर धजत नाही. मला फार उशीर झाला. तपासल्यावर जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

व्हॅलेंटाइन नावाचे हुतात्मे एकापेक्षा जास्त होते. १४ फेब्रुवारीशी जोडलेल्यांत मुख्य दोन: एक रोममधला धर्मगुरू आणि दुसरा रोमच्या उत्तरेला असलेल्या तेर्नीचा बिशप. दोघांचंही दफन रोममधून निघणाऱ्या फ्लामिनिया रस्त्यावर झाल्याचं सांगितलं जातं, त्यामुळे हे दोघे मुळात एकच असावेत असंही काही अभ्यासक मानतात. चौथ्या शतकात, पोप पहिला ज्युलियस याच्या काळात, त्याच रस्त्यावर दुसऱ्या मैलाजवळ व्हॅलेंटाइनच्या नावानं चर्च उभं राहिलं. म्हणजे त्या नावाच्या कुणा माणसाची आठवण लोकांनी जिवापाड जपली होती, एवढं पक्कं. बाकीच्या कथा पुढच्या शतकांत वाढत गेल्या. तेराव्या शतकातल्या 'गोल्डन लिजेंड' या संतचरित्रसंग्रहात व्हॅलेंटाइन सम्राटापुढे आपल्या श्रद्धेची ग्वाही देतो आणि एका आंधळ्या मुलीला दृष्टी देतो. त्यात प्रेमी नाहीत, चोरून लावलेली लग्नं नाहीत आणि ती चिठ्ठीही नाही. १९६९ साली रोमन कॅथलिक चर्चनं आपली सणांची दिनदर्शिका आवरली, तेव्हा खात्रीलायक माहितीच्या अभावी त्याचा दिवस सार्वत्रिक यादीतून काढला. हुतात्म्यांच्या नोंदीत त्याचं नाव मात्र अजून आहे.

त्या लग्नबंदीचं काय? सैनिकांना नोकरीत असेपर्यंत लग्न करता येणार नाही, हा नियम रोममध्ये खरोखर होता, ऑगस्टसच्या काळापासून. पण तो सेप्टिमियस सेव्हेरसनं इ.स. १९७ च्या सुमारास उठवला, म्हणजे क्लॉडियस गादीवर येण्याच्या सत्तर वर्षं आधी. क्लॉडियसची कारकीर्द जेमतेम दोन वर्षांची. ती गॉथ टोळ्यांशी लढण्यात गेली आणि २७० साली तो साथीच्या रोगानं मेला. नवी लग्नबंदी घातल्याची त्या काळातली एकही नोंद नाही.

पण मला खरी अडचण वाटली ती वेगळ्याच ठिकाणी, माझ्या स्वतःच्या कामात. तिसऱ्या शतकात लग्नाला धर्मगुरू लागतच नव्हता. रोमन लग्न म्हणजे दोघांची आणि घरच्यांची संमती. ख्रिस्ती कुटुंबं आशीर्वाद मागत असतील, पण आशीर्वादावाचून लग्न अडत नसे. लग्नाची आगाऊ जाहीर घोषणा करावी असं पश्चिमेकडच्या साऱ्या चर्चसाठी ठरलं १२१५ साली, चौथ्या लॅटरन परिषदेत. आणि स्थानिक धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यापुढे झाल्याशिवाय लग्न ग्राह्य नाही, हा नियम केला ट्रेंटच्या परिषदेनं, १५६३ साली. मग व्हॅलेंटाइन चोरून कुठली लग्नं लावत होता? ज्यांना चोरून लग्न करायचं होतं त्यांना त्याची गरजच नव्हती.

कुणी म्हणतात, हा दिवस १५ फेब्रुवारीच्या लुपरकालिया या रोमन सणाच्या जागी आला, पोप गेलासियसनं तो बसवला. गेलासियसचं लुपरकालियाविरुद्धचं पत्र उपलब्ध आहे. त्यात व्हॅलेंटाइनचं नावही नाही.

प्रेम या दिवसाला चिकटलं ते पाखरांमुळे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जेफ्री चॉसरनं 'पार्लमेंट ऑफ फाउल्स' हे दीर्घकाव्य लिहिलं. संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी सारी पाखरं निसर्गदेवीच्या दरबारात जोडीदार निवडायला जमतात. देवीच्या हातावर एक गरुडी बसलेली असते आणि तीन गरुड तिच्यावर हक्क सांगतात. वाद लांबत जातो. बदकं, कोकिळा अशी साधी पाखरं खोळंबून कातावतात, त्यांनाही आपापल्या जोडीनं उडून जायचं असतं. शेवटी देवी निर्णय गरुडीवर सोपवते. गरुडी काय मागते? एक वर्षाची मुदत! देवी ती देते, तीन गरुडांना थांबायला सांगते, आणि बाकीची पाखरं जोडीनं उडून जातात. प्रेमाच्या या सणाच्या पहिल्या मोठ्या कवितेत मधोमध बसलेली जी आहे तिनं अजून कुणाला होकार दिलेला नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्याच शतकात इंग्लंडच्या नॉरफकमधल्या पास्टन घराण्याचा पत्रव्यवहार येतो. शेकडो पत्रं आज टिकून आहेत. त्यातल्या दोन मार्जरी मला फार जवळच्या वाटतात. पहिली घरची लेक, मार्जरी पास्टन. घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॅलेशी, तिनं चोरून लग्नाची वचनं घेतली-दिली. तिथे धर्मगुरू नव्हता, दोघांचे शब्द होते, बस. घरच्यांनी आकांत केला आणि १४६९ साली प्रकरण नॉर्विचच्या बिशपपुढे गेलं. बिशपनं दोघांना वेगवेगळं बोलावलं. तू नेमके कोणते शब्द उच्चारलेस, असं त्यानं मुलीला विचारलं. मार्जरीनं शब्द सांगितले आणि वर म्हणाली की एवढ्यानं लग्न पक्कं होत नसेल, तर अजून पक्कं करीन. बिशपला ते लग्न मान्य करावं लागलं. आईनं तिला घराचं दार बंद केलं.

दुसरी मार्जरी ब्रूज, पहिलीच्या भावाची वाग्दत्त वधू. फेब्रुवारी १४७७ मध्ये तिनं जॉन पास्टनला 'माझ्या व्हॅलेंटाइन' म्हणून पत्र धाडलं. इंग्रजीतलं टिकून राहिलेलं हे सर्वांत जुनं व्हॅलेंटाइन-पत्र मानतात. ते वडिलांच्या कारकुनाच्या हस्ताक्षरात आहे, म्हणजे तिनं सांगितलं आणि त्यानं उतरवलं. विषय कोणता? हुंडा. वडील आणखी पैसे द्यायला तयार नाहीत, आई जीव तोडून प्रयत्न करते आहे, आणि तुझं माझ्यावर प्रेम असेल तर तू मला एवढ्यावरून सोडणार नाहीस, अशी तिची विनवणी. साडेपाचशे वर्षं होत आली. आपल्याकडे हे पत्र परकं वाटेल असं घर मला दाखवा. जॉननं तिला सोडलं नाही. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं.

हे सगळं वाचल्यापासून मी ती चोरट्या लग्नांची गोष्ट सांगत नाही. चोरून लग्न लावणं हे पाळकाचं काम कधीच नव्हतं. लग्न उजेडात आणणं हे त्याचं काम. तीन रविवार आम्ही दोघांची नावं मंडळीसमोर वाचतो, कुणाची रास्त हरकत आहे का विचारतो. आणि त्याआधी, नॉर्विचच्या त्या बिशपसारखं, मी दोघांना वेगवेगळं बोलावतो.

काही वर्षांपूर्वी असंच एका मुलीला बोलावलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, हॉलची अनामत भरलेली होती. मी विचारलं, "तुला हे लग्न करायचंय ना?" ती हातातला मोबाइल उलटा-सुलटा करत बसली. मग हळूच म्हणाली, "पास्टर, थोडा वेळ मिळेल?" कारण मी विचारलं नाही. त्या रविवारी मी नावं वाचली नाहीत. संध्याकाळी दोन्हीकडचे वडील वेस्ट्रीत आले आणि मला जे बोलायचं ते बोलले. लोकांत काय तोंड दाखवायचं, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतं, मी नुसतं ऐकून घेतलं. मुलगा एकदाच भेटायला आला. "मी थांबतो," म्हणाला आणि चहा न घेताच निघून गेला.

आठ महिन्यांनी ती आपल्या पायांनी वेस्ट्रीत आली, बरोबर तोच मुलगा. लग्नाच्या दिवशी मी तिच्याकडे वळून प्रश्न विचारायला लागलो, याला तू पती म्हणून स्वीकारतेस का, तर प्रश्न अर्ध्यावर असतानाच तिनं "हो" म्हटलं. मंडळी हसली. मी पुस्तकात बोट ठेवून प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारला.