सत्य आणि १ जून
(वार्षिक संमेलनातील भाषण, घाटकोपर)



तत्त्वज्ञान हे केवळ पंडितांचे क्षेत्र, असा आपला समज असतो. परंतु अमळनेर येथे १९१६ साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययन करून साने गुरुजी शाळामास्तरच झाले. म्हणून आम्हीही शाळेतलेच उदाहरण घेतो.

आमच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. मातोश्री सांगत, जन्म त्या वर्षीच्या दिवाळीतला. वस्तुतः काय घडले, हा सत्ताशास्त्राचा प्रश्न. ते कशावरून जाणावे, हा ज्ञानशास्त्राचा. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानतात. येथे मातोश्रींचा शब्द हेच प्रमाण. दोन्ही तारखा एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे तर्कशास्त्र सांगते. आमच्या सर्व कागदपत्रांत सुसंगती आहे, नोकरीत ती उपयोगीही पडली. तथापि सुसंगती व उपयुक्तता म्हणजे यथार्थता नव्हे.

उरला नीतिशास्त्राचा प्रश्न. तो आम्हांस बोचतो. शिक्षक झाल्यावर आम्हीही कित्येक मुलांच्या नावापुढे, पालकांस धड न विचारता, १ जून लिहिले. सोय झाली, सत्य गेले.

तरी विनंती एवढीच, की आपल्या वधूवर-सूचीत वय व शिक्षण लिहिताना जे खपेल ते न लिहिता, जे आहे तेच लिहावे. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.