रंगीत काचेंतील प्रकाश

पॅरिसच्या उत्तरेस सँ-दनी येथें मठाधिपति सुझेर यानें जुन्या चर्चचा पूर्वभाग नव्यानें बांधविला. ११४४ च्या जूनमध्यें त्याचें पवित्रीकरण झालें. टोंकदार कमानींमुळें छताचा भार खांबांवर गेला, भिंती मोकळ्या झाल्या व तेथें रंगीत काचांच्या मोठ्या खिडक्या बसल्या. दृश्य प्रकाश ही ईश्वरी प्रकाशाकडे नेणारी पायरी होय, अशी त्याची श्रद्धा होती.

त्याच शतकांत सिस्टर्शियन साधूंनीं मात्र आपल्या मठांत बिनरंगी काचच असावी, असा नियम केला. रंगांत मन गुंतेल, ही त्यांची भीति.

शिक्षक असतांना मीहि वर्गांत चित्रें दाखवीत असें. कांहीं मुलांच्या ध्यानांत चित्रच राही, धडा नाहीं. म्हणून ती भीति मला खोटी वाटत नाहीं. परंतु चित्रावांचून ज्यांस धडा कळलाच नसता, तीं मुलेंहि आठवतात. आणि माझें मन सुझेरकडे झुकतें.